आप्पांचं नगदी पीक

पुणे-नाशिक रस्त्यानं मंचर मागं टाकलं की पाट्या दिसायला लागतात. पाटीवर एक बैलगाडी, एक चूल आणि फेटा बांधलेला हसरा शेतकरी. शेतकरी हसतोय याचा अर्थ शेत विकलं असेल किंवा कृषी पर्यटन केंद्र काढलं असेल, असं आमच्याकडं समजतात. या दुसऱ्या जातीच्या शेतकऱ्याला आप्पा म्हणायचं. जुन्नर-आंबेगावात आता चार गावांमागं एक तरी आप्पा निघतो. आडनावं वेगळी, फेटा तोच.

आप्पांची जमीन कुकडीच्या कालव्याखाली. पाणी आहे, माती काळी आहे, आणि पिकं सगळी लावून झालीत. द्राक्षं लावली, तर ऐन मालात बेमोसमी पाऊस आला. ऊस लावला, तर उसात बिबट्या राहायला आला. २०२३ च्या जुलैत नारायणगावच्या बाजारात टोमॅटोच्या वीस किलोच्या कॅरेटला दोन हजारांच्या वर भाव गेला, तो ऐकून आप्पांनी टोमॅटो लावला. त्यांचा माल तोडायला आला सप्टेंबरात. तोवर भाव इतका खाली आला होता की माल बाजारात नेण्यापेक्षा गुरांपुढं टाकणं परवडलं.

पण त्याआधीच २०१८ साली जुन्नर हा राज्यातला पहिला पर्यटन तालुका म्हणून जाहीर झाला होता आणि २०२० साली सरकारचं कृषी पर्यटनाचं धोरणही आलं होतं. आप्पांना जरा उशिरा उमगलं, पण पक्कं उमगलं, की आपल्या शेतातला माल बघून व्यापारी नाक मुरडतो, पण तेच शेत नुसतं बघायला शहरातली शाळा माणशी पैसे मोजते.

"सगळ्या पिकांत हे एकच पीक असं, की भाव मी सांगतो," आप्पा म्हणतात. "लागवडीआधी ठरतो. निम्मे पैसे ॲडव्हान्स. करपा न्हाई, भुरी न्हाई, गारपीट न्हाई. फार तर एखादं पोर बसमध्ये ओकतं."

पोरांचा हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी. आप्पांनी या पिकाचीही प्रतवारी केली आहे. पुण्याच्या मोठ्या इंग्रजी शाळेचा माल एक्स्पोर्टचा: पोरामागं एक सॅनिटायझरची बाटली आणि दहा पोरांमागं एक मॅडम. मुंबईची पोरं दोन नंबरात, कारण पहाटे निघून माळशेज घाट चढून येईपर्यंत निम्मी कोमेजलेली असतात. जिल्हा परिषदेच्या शाळेची पोरं मात्र आप्पा फुकटात घेतात. त्यांना काही दाखवावं लागत नाही. उलट तीच सांगून जातात, "आप्पा, तुमच्या कांद्यावर फुलकिडे आलेत."

सकाळी नऊच्या सुमाराला आप्पा ट्रॅक पँट आणि बियाण्याच्या कंपनीनं फुकट दिलेल्या टी-शर्टात चहा पीत असतात. फोन येतो, "बस चाकणला अडकलीय." आप्पा दुसरा चहा घेतात. पुन्हा फोन येतो, "कळंब सोडलं." मग मात्र धावपळ उडते. धोतर, बंडी, फेटा चढतो. ट्रॅक्टरवर ताडपत्री टाकून त्याला गोठ्यामागं दडवतात. वर्षभर सगळी शेती ज्यानं केली त्याला पाहुण्यांसमोर यायची बंदी, आणि दाव्याला उभं राहून नुसता रवंथ करणारी खिलार जोडी झूल घालून पुढं. रोज दोन वेळा बादली भरणाऱ्या एचएफ गाईसुद्धा मागच्या शेडमध्ये. मॅडमना फोटोत 'देशी' हवं असतं.

बस थांबते. पोरं "अंकल, अंकल" करत उतरतात.

"अंकल चाकणच्या अलीकडं," आप्पा दरडावतात. "हितं आप्पा म्हणायचं."

पहिला तास दुधाचा. दूध कुठून येतं, हा आप्पांचा ठरलेला प्रश्न. पूर्वी पोरं "पिशवीतून" म्हणायची आणि आप्पांना सगळ्यांना हसवता यायचं. हल्लीची पोरं "ॲपवरून" म्हणतात आणि दहा मिनिटांत येतं हेही सांगतात. आप्पांच्या गाईला तेवढ्या वेळात पान्हासुद्धा फुटत नाही. एकदा एका मुलीनं गाईची जात, दुधाची फॅट आणि डेअरीचा दर असं सगळं बिनचूक सांगितलं. आप्पा खट्टू झाले. चौकशीअंती कळलं की तिचे आजोबा ओतूरचे. "माल घरचाच निघाला," आप्पा म्हणाले.

दुसरा तास बैलगाडीचा. आप्पांची जोडी एके काळी घाटात पळालेली. आमच्याकडं घाट म्हणजे बैलगाड्यांच्या शर्यतीचं मैदान. या शर्यतींवर २०१४ साली सर्वोच्च न्यायालयानं बंदी आणली, २०२१ च्या डिसेंबरात सशर्त परवानगी दिली आणि २०२३ साली घटनापीठानं त्यावर शिक्कामोर्तब केलं. हा सगळा इतिहास आप्पा गाडी हाकता हाकता रंगवून सांगतात. एकदा सांगण्याच्या भरात त्यांनी शर्यतीच्या निवेदकाची नक्कल केली, "भिर्रर्र!" बैलांनी कान टवकारले. मागून वीस पोरं एका सुरात ओरडली, "भिर्रर्र!" पुढचं पीटीच्या सरांना विचारावं, ते गाडीच्या मागं उभे राहून सेल्फी काढत होते. गाडी थेट कांद्याच्या वाफ्यात जाऊन थांबली. सर वाटेत उतरले होते, म्हणजे तसं ते सांगतात. त्या शाळेनं पुढच्या वर्षीही आप्पांकडंच यायचं ठरवलं. फक्त यायच्या पत्रात 'गाडी दोनदा' असं लिहिलं होतं.

तिसरा तास बिबट्याचा. हा कार्यक्रमपत्रिकेत नाही, पण पोरं दुसरं काही विचारतच नाहीत. बिबट्या दाखवायची सोय नसल्यानं आप्पा पाटाच्या कडेचा ओला चिखल दाखवतात. "हा बघा ठसा. काल रात्रीचा." शेजारी मोती शेपूट हलवत उभा असतो.

एका चष्मेवाल्या पोरानं वाकून पाहिलं. "आप्पा, बिबट्या चालताना नखं आत घेतो. या ठशात तर नखं दिसतायत."

आप्पा क्षणभर थांबले. "म्हातारा बिबट्या हाय," म्हणाले. "ह्या वयात नखं आत घ्यायला कुणाला जमतंय?"

पण याच तासाला आप्पांचा आवाज एकदा खाली येतो. वाडीवरची पोरं अंधार पडायच्या आत घरात घेतात, उसाच्या कडेनं एकट्यानं जात नाहीत, खाली बसून काम करणाऱ्या माणसावर बिबट्या चालून येतो, हे ते फेट्यातल्या आवाजात सांगत नाहीत. मोटारीची लाईट काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री असते. रात्रीच्या पाळीत पाणी धरायला अंधारात उसात उतरावंच लागतं. "बिबट्याची आणि लाईटची पाळी एकच," आप्पा म्हणतात, आणि मॅडम घाईघाईनं पोरांची डोकी मोजायला लागतात.

जेवणाचा ताबा काकूंकडं. काकू आंबेगावच्या, सातगाव पठारावरच्या. तिथं पावसाच्या भरवशावर खरिपात बटाटा लावतात, त्याचा काकूंना भारी अभिमान. आप्पांनी कितीही कौतुकानं काही दाखवलं तरी काकूंचं सुरू, "आमच्या सातगावला याहून मोठ्ठं असतं." पिठलं-भाकरी, ठेचा आणि बटाट्याची भाजी. ही भाजी कार्यक्रमात असण्याचं कारण आप्पांना ठाऊक आहे आणि बदलायची त्यांची छाती नाही. पोरं "केचप आहे का?" विचारतात. काकू त्यांच्या हातात एक-एक टोमॅटो ठेवतात.

एकदा विज्ञानाच्या एका सरांनी आप्पांना छेडलं. शेजारच्या शिरूर तालुक्यात पाबळला डॉ. कलबागांनी १९८३ साली विज्ञान आश्रम काढला. तिथं पोरं शेती, सुतारकाम, वेल्डिंग अशी कामं हातानं करून शिकतात. तुमच्याकडं एका दिवसात पोरं काय शिकणार? आप्पांनी कान पकडला. "तिथं पोरं काम शिकतात, सर. माझ्याकडं भाव शिकतात. त्याला एक दुपार पुरते."

ही दुपार म्हणजे आप्पांचा खरा तास. सकाळी उतरल्या उतरल्या काकूंनी प्रत्येक पोराला दहा चिंचगोळ्या दिलेल्या असतात. हे भांडवल. त्यातून आप्पा दिवसभर वसुली करत हिंडतात. रोपांच्या तीन, बांबू-तारेच्या दोन, औषधाच्या दोन, तोडणीच्या मजुरीच्या दोन, गाडीभाड्याची एक. दुपारपर्यंत पोरांचे खिसे रिकामे, पण पोरांसाठी राखलेल्या सऱ्यांतून तोडलेल्या टोमॅटोचं एक-एक बारकं कॅरेट प्रत्येकापुढं. मग आप्पा फेटा काढतात, डोळ्यांवर गॉगल चढवतात आणि व्यापारी होऊन खुर्चीत बसतात.

"आवक लई हाय. सहा गोळ्या."

"पण माझ्या दहा गेल्या!"

"त्या तू घातल्यास, मी सांगितलं व्हतं का? काल बारा भाव व्हता. काल का न्हाई आलास?"

"काल मॅथ्सचा पेपर होता."

"मग सहा. त्यातनं हमालीची एक."

चष्मेवाला पोरगा कॅरेटवर हात ठेवून उभा राहिला. "मी आज विकणारच नाही. भाव वाढला की विकेन."

"ठेव की. कोल्ड स्टोरेज हाय का तुझ्याकडं? न्हाई? मग उद्या हेच टोमॅटो पिचतील. उद्याचा भाव, तीन."

"पण टोमॅटो माझे आहेत, तर किंमत तुम्ही का सांगता?"

आप्पा गॉगलमधून त्याच्याकडं बघत राहिले. पोरगा ओरडला, "हे चीटिंग आहे!" त्याबरोबर सगळी पोरं ओरडली. एक मुलगी रडायला लागली. मॅडम म्हणाल्या, "आप्पा, हे जरा पॉझिटिव्ह करता येईल का?"

मग काकू बाहेर येतात आणि प्रत्येकाच्या हातावर पाच-पाच गोळ्या ठेवतात. आप्पा याला कर्जमाफी म्हणतात. निवडणुकीच्या वर्षी सात मिळतात.

त्या दिवशी संध्याकाळी पोरं बसमध्ये चढली. आप्पा हिशोबाची वही घेऊन दाराशी उभे होते. शाळेनं नेमलेला सहलवाला त्यांना बाजूला घेऊन म्हणाला, "आप्पा, पोरामागं पन्नास रुपये आपले. पलीकडच्या केंद्रावर साठ देतात. पुढच्या आठवड्यात चार बस आहेत, बघा."

आप्पांनी वही मिटली. भाव त्यांनी सांगितला होता, लागवडीआधी ठरला होता, निम्मे पैसे ॲडव्हान्सही आले होते. तोंड उघडून ते काही बोलणार, इतक्यात खिडकीतून चष्मा बाहेर आला. पोराला सगळं ऐकू गेलं होतं.

"आप्पा, देऊ नका आम्हाला! उद्यापर्यंत ठेवा! भाव वाढेल!"

"ठेवलं असतं रं, बाळा," सहलवाल्याच्या हातात पन्नासच्या हिशोबानं नोटा मोजत आप्पा म्हणाले. "पण कोल्ड स्टोरेज न्हाई माझ्याकडं."