आधी मुक्काम ठरवा, मग पेन्शन हलवा

ब्रिटनमध्ये पंधरा-वीस वर्षं नोकरी करून परतीचा विचार करणाऱ्या मराठी माणसाला गाठून एक सल्ला विकला जातो. पेन्शन तिथे ठेवू नका. भारतातल्या योजनेत आणा, नाहीतर माल्टासारख्या ठिकाणी हलवा, कर वाचेल. शिवाय एप्रिल २०२७ पासून न वापरलेली पेन्शन ब्रिटनच्या वारसा कराच्या हिशेबात धरली जाणार, तेव्हा लवकर सही करा. वारसा कराची गोष्ट खरी आहे, पण घाई विकणाऱ्याची आहे.

माझं सांगणं एकच. पुढची पाच-दहा वर्षं आपण कुठे राहणार हे नवरा-बायकोंनी समोरासमोर बसून ठरवलं नसेल, तर त्या पेन्शनला हात लावू नका.

याला कारण आहे ९ मार्च २०१७ ची तारीख. त्या दिवसापासून ब्रिटनबाहेर जाणाऱ्या पेन्शनवर २५ टक्के हस्तांतर कर लागू झाला. त्यातून सुटायचा मुख्य रस्ता असा की तुम्ही आणि तुमची नवी योजना एकाच देशात हवेत. समजा, स्लाउमध्ये संसार केलेल्या जोडप्याने दोन लाख पौंड साठवले. नवऱ्याला दुबईत नोकरी लागली आणि कुणाच्या सांगण्यावरून पेन्शन माल्टाला गेली. माणूस एका देशात आणि योजना दुसऱ्या, म्हणून ५० हजार पौंड वाटेतच कापले जाणार. युरोपात राहणाऱ्यांना आणि खुद्द ब्रिटनमध्ये असलेल्यांना यात एक सवलत होती. युरोपातल्या नाहीतर जिब्राल्टरच्या योजनेत पैसे नेले तर कर लागत नसे. ३० ऑक्टोबर २०२४ ला तीही काढून घेतली गेली.

बरं, हेच जोडपं पुण्यात आलं आणि पेन्शनही भारतातल्या मान्य योजनेत आणली, तर साधारणपणे कर लागणार नाही. पण गोष्ट इथे संपत नाही. हस्तांतरानंतरच्या पाच पूर्ण करवर्षांत त्यांनी देश बदलला, तर तो २५ टक्के कर मागून येऊन गाठतो. साठीतली माणसं देश का बदलतात? मँचेस्टरच्या लेकीला दुसरं मूल होतं, सांभाळायला कुणी नसतं. किंवा गुडघ्याचं ऑपरेशन तिकडच्या सरकारी दवाखान्यात करून घ्यावं असं वाटतं, आणि सहा महिन्यांचा मुक्काम कायमचा होतो. अशा वयात घरच्या गरजेने मुक्काम हलतो. तो कायद्याने बांधून ठेवणाऱ्या योजनेत आयुष्यभराची पुंजी घालणं मला धोक्याचं वाटतं.

आणि ‘मान्य योजना’ म्हणजे काय, हेही नीट समजून घ्या. ब्रिटिश कर खातं परदेशी योजनांची एक यादी ठेवतं आणि त्याच यादीसोबत बजावतं की नाव दिसतंय म्हणून योजना पात्रच आहे असं समजू नका, खात्री तुमची तुम्ही करा. एप्रिल २०१५ मध्ये नियम आला की आजारपणासारखं कारण सोडलं तर ५५ व्या वर्षाआधी पैसे हाती पडता कामा नयेत. ऑस्ट्रेलियाच्या कायद्यात तीव्र आर्थिक अडचणीत लवकर पैसे काढायची सोय आहे. तेवढ्या कारणाने तिथल्या जवळपास सगळ्या योजना यादीतून गळल्या. अपात्र योजनेत पैसे गेले, तर ब्रिटन त्याला अनधिकृत रक्कम मानतं आणि कर ५५ टक्क्यांपर्यंत जातो. निम्म्याहून जास्त! ही ५५ वर्षांची अटसुद्धा ६ एप्रिल २०२८ पासून ५७ होणार आहे.

मग इतक्या अवघड वाटेवर माणसं जातात कशी? कारण सल्ला देणाऱ्याचं पोट हस्तांतरावर चालतं. पेन्शन हलली तरच त्याला पैसे मिळणार असतील, तर ‘हलवू नका’ हे तो कशाला सांगेल? २०१७ मध्ये ब्रिटिश स्टीलच्या पेन्शन योजनेतून सुमारे आठ हजार कामगार बाहेर पडले. त्यातली बरीच माणसं पोर्ट टॅलबॉटच्या टाटांच्या कारखान्यातली. पुढे तपासणीत दिसलं की जवळपास निम्म्यांना दिलेला सल्ला त्यांच्या हिताचा नव्हता. त्यानंतर १ ऑक्टोबर २०२० पासून तिथल्या नियामकाने, पक्क्या रकमेची हमी देणाऱ्या पेन्शनच्या बाबतीत, ‘हस्तांतर झालं तरच फी’ ही पद्धत बहुतेकांसाठी बंद केली. अशी पेन्शन ३० हजार पौंडांच्या वर असेल, तर परवानाधारक सल्लागाराचं मत घेणं तिथे कायद्यानेच सक्तीचं आहे. पण दुबईच्या हॉटेलात सेमिनार घेणाऱ्याला हा नियामक हात लावू शकत नाही. म्हणून पहिला प्रश्न विचारा, ‘पेन्शन जागेवरच ठेवली तर तुम्हाला काय मिळेल?’ उत्तर ‘काही नाही’ असेल, तर तिथून उठा.

पेन्शन तिकडेच ठेवून इकडे यायचं, तर भारताचा कर पाहावा लागतो, आणि इथली परिस्थिती लोकांना वाटते तेवढी वाईट नाही. भारत-ब्रिटन कर कराराप्रमाणे खासगी नोकरीच्या पेन्शनवर कर राहत्या देशातच लागतो. सरकारी नोकरीच्या पेन्शनचं कलम वेगळं आहे, ते स्वतंत्र तपासा. मागच्या दहांपैकी नऊ वर्षं तुम्ही अनिवासी असाल, किंवा मागच्या सात वर्षांत भारतात ७२९ दिवसांपेक्षा जास्त राहिला नसाल, तर परतल्यावरची पहिली दोन-तीन वर्षं तुम्ही ‘निवासी, पण सामान्य निवासी नाही’ या गटात बसता. या काळात परदेशात मिळालेल्या पेन्शनवर भारत कर लावत नाही. मात्र तीच पेन्शन थेट कोथरूडच्या बँकेत जमा करून घेतली, तर ते भारतात मिळालेलं उत्पन्न ठरतं आणि कर लागतो. पहिला हप्ता कुठल्या खात्यात पडतो, एवढ्याशा गोष्टीवर लाखाचा फरक पडतो, आणि विमानाची तिकिटं काढताना याचा विचार फार थोडे करतात.

ब्रिटनमधली पेन्शन कंपनी आपणहून कर कापायचं थांबवत नाही. तुम्ही भारताचे करनिवासी आहात हा आयकर खात्याचा दाखला काढायचा, ब्रिटिश खात्याचा फॉर्म भरायचा आणि दोन्ही तिकडे पाठवायचे. मंजुरी येईपर्यंत कापलेल्या कराचा परतावा नंतर मागावा लागतो. शिवाय तिथे एकचतुर्थांश रक्कम करमुक्त मिळते म्हणून ती भारतातही आपोआप करमुक्त होत नाही. ती कोणत्या वर्षात काढायची, हे जाणत्या सीएबरोबर परतण्याआधीच ठरवा.

पूर्वी आणखी एक अन्याय होता. निवृत्ती खात्यात वाढ झाली की भारत दरवर्षी कर मागे, ब्रिटन किंवा अमेरिका पैसे काढताना, आणि वर्षं जुळत नसल्याने एका देशातला कर दुसऱ्यात वजा होत नसे. २०२१ च्या अर्थसंकल्पाने कलम ८९अ आणून हे दुरुस्त केलं. अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडातल्या खात्यांवर, तिथे जेव्हा कर लागेल तेव्हाच इथेही लागेल, असा पर्याय मिळाला. त्यासाठी वेगळा फॉर्म विवरणपत्राच्या मुदतीत भरावा लागतो, आणि एकदा निवडलेला पर्याय मागे घेता येत नाही. ऑस्ट्रेलिया आणि सिंगापूरहून परतणाऱ्यांना मात्र अजून यात जागा नाही. ती द्यायला हवी, कारण तिथे राबलेल्यांची अडचण तीच आहे.

राहिली ब्रिटनची सरकारी वृद्धापकाळ पेन्शन. ती हलवताच येत नाही, आणि भारतात राहणाऱ्यांसाठी ती गोठते. एखाद्याने २०१६ मध्ये इथे राहून पूर्ण नवी पेन्शन घ्यायला सुरुवात केली असेल, तर त्याला आजही आठवड्याला १५५.६५ पौंड मिळतात. तेवढीच वर्गणी भरून लंडनमध्ये राहिलेल्या त्याच्या सहकाऱ्याला २०२५-२६ मध्ये २३०.२५ मिळाले. अमेरिकेत किंवा फिलिपिन्समध्ये जाऊन राहिलेल्यालाही वाढ मिळते, कारण त्या देशांशी तसा करार आहे. भारताशी नाही. दक्षिण आफ्रिकेत राहणाऱ्या ॲनेट कार्सन या बाईंनी हा लढा स्ट्रासबर्गच्या मानवाधिकार न्यायालयापर्यंत नेला आणि २०१० मध्ये त्या हरल्या. न्यायालयाचा रस्ता बंद झाला, आता उरला तो दोन सरकारांमधल्या कराराचा. जुलै २०२५ मध्ये भारत-ब्रिटन व्यापार करारावर सह्या झाल्या, व्हिस्कीवरचं १५० टक्के शुल्क टप्प्याटप्प्याने ४० वर आणायचं ठरलं, आणि गोठलेली पेन्शन तशीच राहिली. ब्रिटनच्या तिजोरीत आयुष्यभर वर्गणी भरून आलेल्या या म्हाताऱ्या माणसांसाठी दिल्लीने पुढच्या वाटाघाटीत हा विषय पहिल्या पानावर मांडावा.