नेकबँडची धास्ती

मंठ्याच्या बसस्थानकाजवळच्या टपरीवर सध्या एकच चिंता : गळ्यातल्या नेकबँडमधून म्हणे ‘रेडेशन’ निघतं आणि थेट मेंदूत शिरतं. सांगणारे काका तळहातावर तंबाखू-चुना मळत असतात, त्यामुळे बोलण्याला वजन येतं.

काकांनी म्हणून ब्लूटूथ सोडलं. आता ते मोबाईलच कानाला दाबून जावयाशी तासभर सोयाबीनच्या भावावर बोलतात. ब्लूटूथ इअरफोनची ताकद साधारण काही मिलिवॅट. मोबाईलची मात्र, टॉवर लांब असला की, त्याच्या कितीतरी पट. पण हे काकांना सांगणार कोण?

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २०११ साली रेडिओलहरींना ‘कदाचित’वाल्या २-ब गटात बसवलं. त्याच गटात आशियाई पद्धतीच्या खारवलेल्या भाज्याही आहेत. चघळायची तंबाखू आणि सुपारी मात्र पहिल्या गटात; तिथं ‘कदाचित’ वगैरे भानगड नाही. काकांनी हे शांतपणे ऐकलं, बार ओठाखाली सरकवला आणि विचारलं, “पण लहरी दिसत नाहीत ना?”

कानाला खरा धोका आवाजाचा. १०० डेसिबल आठवड्याला २० मिनिटं, त्यापुढे नको, असा संघटनेचा हिशेब. आमच्याकडे लग्नात नवरदेवाचा परण्या वेशीपासून मारुतीच्या पारापर्यंत पोचायच्या आत डीजे तो कोटा संपवतो. काका स्पीकरसमोरच नाचत असतात. नातवाचा नेकबँड तेवढा त्यांनी आधीच काढून खिशात टाकलेला असतो. पोराच्या कानाला जपायला नको?