रीतसर हरावे कसे

ब्रिटनमध्ये ऑनलाइन सट्टा लावणे कायदेशीर आहे. प्रश्न उरतो तो कुठल्या साइटवर लावावा एवढाच. त्याचे सरकारी उत्तर बर्मिंगहॅममध्ये मिळते. गॅम्बलिंग कमिशनचे कार्यालय तिथे आहे. 2005 च्या जुगार कायद्याने हे मंडळ स्थापन झाले आणि त्याच कायद्याने त्याला तीन कामे नेमून दिली: जुगारात गुन्हेगारी शिरू द्यायची नाही, जुगार उघडपणे आणि न्याय्य रीतीने चालवून घ्यायचा, आणि मुलांना व दुर्बळांना त्याची झळ लागू द्यायची नाही. धडधाकट, सज्ञान माणसाने हरू नये असे चौथे काम कायद्यात नाही. त्याने हरायला हरकत नसते, फक्त ते न्याय्य रीतीने व्हावे. मंडळाचा खर्च परवानाधारक कंपन्यांच्या शुल्कातून चालतो, म्हणजे फिरून तो हरणाऱ्यांच्याच खिशातून जातो. पावतीवर मात्र त्यांचे नाव नसते.

1 मे 1961 रोजी बेटिंगची दुकाने कायदेशीर झाली, तेव्हा ती होता होईल तो कळाहीन ठेवावीत, आतले बाहेरून दिसू नये, असा दंडक होता. दुकानात टीव्ही आणि चहा यायला 1986 उजाडले. पुढे फोन आणि इंटरनेट आले तसे मोठमोठे बुकी जिब्राल्टरच्या खडकावर जाऊन बसले. तिथली हवा चांगली हे एक कारण असावे. तिथला कर कमी हे दुसरे. ऑक्टोबर 2001 मध्ये सरकारने पैज लावणाऱ्यावरचा कर काढून बुकीच्या नफ्यावर बसवला, आणि तेव्हापासून जिंकलेल्या रकमेवर ब्रिटिश खेळाडूला एका पेनीचाही कर नाही. यात औदार्य शोधण्याची गरज नाही. पैसा शेवटी कोणाच्या घरी साठतो हे खजिन्याला पक्के ठाऊक असते आणि वसुली तिथेच करायची असते. 2014 च्या कायद्याने उरलेली फट बुजवली: कंपनी कुठल्याही बेटावर बसलेली असो, गिऱ्हाईक ब्रिटनमध्ये असेल तर परवाना बर्मिंगहॅमचाच हवा. ब्रिटनमध्ये स्थायिक झालेला मराठी माणूस सुट्टीत पुण्याला आला की हे छत्र संपते. भारतात 2025 च्या कायद्याने पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ बंदच करून टाकले.

परवाना तपासणे सोपे आहे. साइटच्या अगदी तळाशी, जिथवर सहसा कोणाचे बोट पोहोचत नाही, तिथे परवानाधारकाचे नाव, क्रमांक आणि कमिशनच्या सार्वजनिक नोंदवहीची लिंक असावी लागते. नोंदवहीत ते नाव आणि साइटचा पत्ता जुळला की साइट अस्सल. त्याच नोंदवहीत कंपनीवर झालेल्या कारवाया आणि दंडही वाचायला मिळतात, आणि तो भाग अधिक वाचनीय आहे. मार्च 2023 मध्ये विल्यम हिल समूहाने 1 कोटी 92 लाख पौंड भरले. एका गिऱ्हाइकाने नवे खाते उघडून 20 मिनिटांत 23,000 पौंड उडवले आणि त्याला कोणी हटकले नाही, ही त्या प्रकरणातली एक नोंद. परवाना निलंबित करण्याचा गंभीरपणे विचार केला होता, असे कमिशनने सांगितले. विचार झाला, परवाना राहिला. तेव्हा जिला कधीच दंड झाला नाही अशी मोठी कंपनी निवडू म्हणणाऱ्याने हाताशी भरपूर वेळ ठेवावा.

एक प्रकार नोंदवहीतही पटकन उमगत नाही. प्रीमिअर लीगच्या खेळाडूंच्या छातीवर अशा बेटिंग कंपन्यांची नावे झळकत आली, ज्यांचे ब्रिटनमध्ये गिऱ्हाईक नाममात्र. त्यांचा प्रेक्षक आशियात, टीव्हीसमोर. परवाना दुसऱ्याचा, पाटी आपली, अशी ही व्यवस्था. आईल ऑफ मॅनवरच्या टीजीपी युरोप या कंपनीच्या एका परवान्यावर अशा बऱ्याच पाट्या टांगलेल्या होत्या. 2025 मध्ये 33 लाख पौंडांचा दंड समोर येताच तिने परवाना परत केला आणि ब्रिटिश बाजार सोडला. 2025-26 च्या हंगामानंतर शर्टाच्या पुढच्या बाजूला बेटिंगचे नाव नको, असे क्लबांनी 2023 मध्येच आपसात ठरवले होते. बाह्यांबद्दल ठरलेले नाही.

साइट ठरली की खाते. वय 18 पूर्ण हवे. मे 2019 पर्यंत कंपनीला वयाची खातरजमा करायला 72 तासांची मुभा होती, म्हणजे आधी पैसे घ्यायचे आणि मग मूल आहे की काय ते बघायचे. ओळखपत्राची आठवण तर काही कंपन्यांना थेट गिऱ्हाईक जिंकलेले पैसे काढायला आले की होई. आता पडताळणी आधी करावी लागते. 14 एप्रिल 2020 पासून क्रेडिट कार्डावर सट्टा बंद आहे. हरायचे तर स्वतःच्या पैशाने हरावे. महिन्याला निव्वळ 150 पौंडांहून जास्त भरणा झाला की खातेदार दिवाळखोर आहे का, त्याच्यावर कर्जवसुलीचे हुकूम आहेत का, हे सार्वजनिक नोंदींतून पाहणे कंपनीवर बंधनकारक आहे.

मर्यादांचे प्रकरण याहून रंजक. ऑनलाइन स्लॉट यंत्रावर एका फेरीला कमाल 5 पौंड लावता येतात, आणि 18 ते 24 वयाच्यांना 2. पंचविसाव्या वाढदिवशी ब्रिटिश नागरिकाला अडीचपट वेगाने हरण्याचा हक्क प्राप्त होतो. एक फेरी अडीच सेकंदांपेक्षा लवकर संपू नये, असाही नियम आहे. हिशेब मांडला तर मिनिटाला 24 फेऱ्या, 120 पौंड. तासाला 7,200 पौंड. याला कायद्यात संयम म्हणतात. 1 पौंड लावून 40 पेनी परत मिळाले की यंत्र पूर्वी दिवाळीसारखे लखलखायचे. 2021 पासून तोट्याचा असा जल्लोष करायला मनाई आहे. आता तोटा शांतपणे होतो.

खात्यात ठेवलेले पैसे कंपनी बुडाली तर परत मिळतील का, हा प्रश्न बहुतेक खेळाडू विचारत नाहीत. त्याचे उत्तर नियमाने अटींमध्ये छापलेले असते. संरक्षणाच्या तीन पायऱ्या आहेत: काहीच नाही, मध्यम आणि उच्च. कायदा कंपनीला उच्च संरक्षण द्यायला सांगत नाही. कुठली पायरी आहे ती प्रामाणिकपणे सांगायला सांगतो. तेव्हा ‘तुमचे पैसे सुरक्षित नाहीत’ एवढे स्पष्ट छापले की साइट नियमात बसली. फुटबॉल इंडेक्स ही कमिशनचा परवाना असलेली साइट. तिच्यावर खेळाडूंचे काल्पनिक शेअर घेता येत आणि त्यावर लाभांश मिळे; जाहिरातीही शेअर बाजाराच्या थाटाच्या. मार्च 2021 मध्ये लाभांशात मोठी कपात जाहीर झाली, भाव कोसळले, काही दिवसांत परवाना निलंबित झाला आणि गिऱ्हाइकांचे कोट्यवधी पौंड अडकले. ती गुंतवणूक म्हणावी की जुगार, या प्रश्नावर जुगाराचे मंडळ आणि वित्त व्यवहारांचे मंडळ यांचा बराच पत्रव्यवहार झाल्याचे सरकारने नेमलेल्या चौकशीत दिसून आले. गिऱ्हाइकांपुरते उत्तर तोवर मिळाले होते.

साइटची तुलना करताना जाणकार भाव पाहतात. नाणेफेकीचे उदाहरण पुरेसे आहे. छापा आणि काटा यांची शक्यता सारखीच, तरी बुकी दोन्हींना 10/11 भाव देतो: 11 पौंड लावावेत, जिंकल्यास 10 पौंड नफा. दोघांनी दोन बाजूंना 11 पौंड लावले तर बुकीकडे 22 जमतात, विजेत्याला 21 जातात आणि नाणे कसेही पडले तरी 1 पौंड गल्ल्यात राहतो. शेकडा साडेचार ही त्याची मजुरी. जिथे ही वजावट कमी, ती साइट बरी. निवडीचा हा एकच निकष अंकगणितावर उभा आहे आणि म्हणून जाहिरातीत सापडत नाही. जाहिरातीत सापडते ती ॲक्युम्युलेटरची पैज: पाच सामने, पाचही निकाल बरोबर आले तर घबाड. प्रत्येक सामन्यात साडेचार टक्के कापले जाऊन पाच सामन्यांअखेर शंभरातले सुमारे 79 उरतात. एका वजावटीच्या जागी पाच वजावटी मिळणार असतील तर त्या पैजेची जाहिरात बुकीने का करू नये?

स्वागताच्या बोनसचीही तीच कुळकथा. 10 पौंड फुकट मिळतात, पण त्यांतून झालेली कमाई काढण्याआधी ठरावीक पटीत खेळून दाखवावे लागते. पूर्वी 50 पटही अट असे. 10 पौंडांसाठी 500 पौंडांच्या फेऱ्या, आणि शेकडा पाच कापणाऱ्या यंत्रावर सरासरीने 25 पौंडांची घट. म्हणजे 10 पौंडांची भेट 25 पौंडांना पडे. जानेवारी 2026 पासून ही अट 10 पटींच्या वर नेता येत नाही. आता तेवढेच गणित केले तर 5 पौंड जातात, आणि भेट प्रथमच भेट ठरण्याची शक्यता निर्माण झाली आहे.

अटी वाचाव्यात, असे प्रत्येक मार्गदर्शकात लिहिलेले असते. जानेवारी 2018 मध्ये एक खेळाडू बेटफ्रेडच्या ऑनलाइन ब्लॅकजॅकवर 17 लाख पौंड जिंकला. यंत्रात बिघाड होता आणि बिघाडात जिंकलेले पैसे द्यायचे नाहीत असे अटींत आहे, असे सांगून कंपनीने नकार दिला. 2021 मध्ये उच्च न्यायालयाने अटी तपासल्या आणि पैसे द्यायला लावले. इतक्या आड जागी, इतक्या दुर्बोध भाषेत दडवलेली अट गिऱ्हाइकाला बांधील नाही. आपल्याच अटींच्या लांबीत कंपनी अडकल्याची ही दुर्मीळ नोंद आहे. एरवी तक्रारीला कंपनीकडे आठ आठवडे असतात, त्यानंतर आयबाससारख्या स्वतंत्र लवादाकडे फुकट दाद मागता येते. परवाना नसलेल्या साइटवर यांतले काहीच नाही.

आता उरला जिंकणारा खेळाडू. परवाना, पडताळणी, लवाद, सगळी यंत्रणा हरणाऱ्याला सावरायला उभी केली आहे. जिंकणाऱ्यासाठी कोणतीच तरतूद नाही. सातत्याने चांगला भाव गाठणाऱ्याच्या खात्याची मर्यादा एके दिवशी काही पेनींवर येते. शनिवारच्या शर्यतीवर त्याने 50 पौंड लावायचे म्हटले तर साइट 40 पेनी मान्य करते, तेही नम्र भाषेत. हे बेकायदा नाही. पैज घ्यायची की नाही हा दुकानदाराचा अधिकार. मोठ्या रकमा हरणाऱ्याला मात्र व्हीआयपी म्हणून खास व्यवस्थापक आणि सामन्यांची तिकिटे मिळत. 2020 मध्ये त्यावरही नियम आले. एक्स्चेंज नावाच्या प्रकारात, म्हणजे 2000 साली सुरू झालेल्या बेटफेअरसारख्या ठिकाणी, खेळाडू एकमेकांशी पैज लावतात आणि मालक फक्त दलाली घेतो, त्यामुळे तिथे जिंकणे चालते अशी ख्याती होती. 2008 मध्ये तिथेही फार जिंकणाऱ्यांवर जादा आकार बसला, आणि 2011 मध्ये काहींच्या बाबतीत तो नफ्याच्या 60 टक्क्यांपर्यंत गेला. साइट निवडण्याची एक व्यवहारी कसोटी यावरून निघते: खाते अजून चालू आहे, याचा अर्थ खातेदार हरतो आहे.

बाहेर पडण्यासाठी गॅमस्टॉप आहे. तिथे एकदा नाव नोंदवले की ब्रिटिश परवान्याच्या झाडून सगळ्या साइट सहा महिने, एक वर्ष किंवा पाच वर्षे बंद होतात. 31 मार्च 2020 पासून प्रत्येक परवानाधारक साइटला त्यात सामील व्हावेच लागते. जी साइट ‘आम्ही गॅमस्टॉपमध्ये नाही’ अशी जाहिरात करते, तिच्याकडे ब्रिटिश परवाना नाही असे खुशाल समजावे. नोंदणी फुकट आहे आणि ठरलेली मुदत संपेपर्यंत ती मागे घेता येत नाही.