सदतिसावा फोटो

लग्नमुंजीच्या घरात गुरुजी आले का, याच्या खालोखाल विचारला जाणारा प्रश्न म्हणजे, "नाना आले का?" नाना घरातले सर्वांत थोरले नव्हते आणि श्रीमंत तर मुळीच नव्हते. त्यांच्याकडे कॅमेरा होता. साधारण १९८५ ते २००५ या वीस वर्षांत डोंबिवली, ठाणे, चिंचवड, कुठेही जा, दर नातेगोत्यात असा एक नाना निघायचाच. कुठे त्याला भाऊकाका म्हणत, कुठे दादामामा. ओळखायची खूण एकच. पँटच्या पट्ट्यात ओवलेलं काळं रेक्झिनचं पाकीट, आणि उन्हाने आतला रोल खराब होऊ नये म्हणून त्यावर सतत ठेवलेला डावा हात.

आपले नाना डोंबिवलीचे. नोकरी रेल्वेच्या हिशेब खात्यात. कॅमेरा याशिकाचा एमएफ-टू, १९८८ साली बोरा बाजारातून घेतलेला. व्हीटी स्टेशनातून बाहेर पडून रस्ता ओलांडला की ही कॅमेऱ्यांची गल्ली, आणि ऑफिस सुटल्यावर नाना तिथे दीड महिना नुसते बघायला जात होते. शेवटी दुकानदार कंटाळून म्हणाला, "साहेब, यात फोकस करायची भानगडच नाही. बटन दाबलं की फोटो." कॅमेरा खरोखर तसाच होता. पण नानांनी ते कधी मनावर घेतलं नाही. सुट्टीतल्या पोराच्याही हातून दोन सेकंदांत निघेल त्या फोटोला ते चार मिनिटं घेत.

रोल भरणं हा वेगळा विधी. तो आतल्या खोलीत, खिडकी लावून, पंखा बंद करून व्हायचा. पंखा बंद कशाला हे कोणालाच कळलं नाही, पण विचारायची छाती नव्हती. पितळी ताटलीत रोलची डबी, शेजारी कॅमेरा, मागचं झाकण उघडं. डबीतून रोलची जीभ बाहेर काढायची, ती पलीकडच्या खाचेत घालायची, कडेच्या भोकांत दात्यांची चाकं नीट बसली का पाहायचं, झाकण लावायचं, अंगठ्याने चाक फिरवायचं. एका फोटोला आठ भोकं, हे नानांना पाठ. पुस्तिकेत लिहिलेलं की पहिले दोन क्लिक फुकट घालवा आणि आकडा एकवर आला की सुरुवात करा. हिशेब खात्यातल्या माणसाला हे 'फुकट घालवा' फार लागलं. अंधारात, जीभ कमीत कमी बाहेर काढून, त्यांनी त्यातला एक क्लिक वाचवायची युक्ती बसवली आणि ३६ च्या रोलवर ३७ फोटो निघू लागले. एकदा कोजागरीला ३८ निघाले. ते पुढची दहा वर्षं कोजागरी आली की सांगितलं जाई.

आणि या सगळ्याची नोंद. रेल्वेची जुनी डायरी, तिच्यात रोल क्रमांक, तारीख, आणि खाली एक ते सदतीस. 'क्र. ९: अष्टविनायक, लेण्याद्री, पायऱ्यांवर सर्वजण. क्र. १०: तोच, कारण ९ मध्ये शालूने डोळे मिटले असावेत. क्र. ११: माकड (चुकून).' रोल, धुलाई आणि प्रिंट धरून एका क्लिकमागे सात-आठ रुपये पडतात, असं नानांनी ९० च्या दशकात मांडलं होतं, आणि माकडाचे सात रुपये त्यांना रात्रभर टोचत राहिले.

साहजिकच कोणाचा फोटो निघणार हे नाना ठरवत. पोरं "माझा, माझा" करत पुढे आली की "समूहात येशील" एवढंच उत्तर. नव्या सुनेला एकटीचा एक फोटो, हा नियम. जावयाला दोन. एकट्याचे तीन फोटो मिळालेला इसम सबंध नात्यात एकच, नानांचे साहेब, आणि तेही निवृत्तीच्या समारंभात. फोटो काढण्याआधी भाषण व्हायचं. "एकच काढणार आहे. मागचे दिसत नाहीत. वसंता, पोट आत. मी तीन म्हणेन, तीनवर कोणी पापणी लववायची नाही." मग एक, दोन, आणि नेमका तेव्हा फ्लॅशचा नारिंगी दिवा लागलेला नसायचा. पुन्हा सगळे श्वास धरून. त्या काळच्या कौटुंबिक फोटोंत माणसं इतकी गंभीर का दिसतात, याचं अर्धं कारण हे आहे.

रोल चौतीसवर अडकला की घराचा नूर बदले. कार्य होऊन पंधरवडा झालेला, फोटो बघायची सगळ्यांना घाई, आणि तीन फोटो उरलेले. अर्धा रोल धुवायला टाकणं नानांच्या हयातीत शक्य नव्हतं. मग 'रोल संपवायचा'. तुळशीवृंदावन, शेजाऱ्यांचा पॉमेरेनियन, गोदरेजचं कपाट, पोळ्या लाटताना ओरडत असलेली काकू. गंमत अशी, की आज कोणी तो अल्बम उघडला तर मंगल कार्यालयांतल्या रांगा भराभर उलटतो आणि थांबतो ते इथे. भिंतीवरचं कालनिर्णय, टीव्हीवर घातलेलं विणलेलं झाकण, दत्ताच्या तसबिरीवर तिरपा पडलेला दुपारचा कवडसा. हे फोटो काढायचा कोणाचाच हेतू नव्हता.

पण नानांची खरी सही वेगळीच होती. या जातीच्या कॅमेऱ्यात पाहायची खिडकी निराळी आणि फोटो टिपणारं भिंग निराळं. खिडकीतून सगळं स्वच्छ दिसतं; भिंगापुढे आपलं बोट आलंय हे मात्र दिसत नाही. नानांची पकड भक्कम. त्यामुळे दर रोलमध्ये तीन-चार फोटोंच्या उजव्या कोपऱ्यात एक गुलाबी ढग उगवे. रायगडावर ढग, गेटवेवर ढग, शालूच्या साखरपुड्यात तर ढगाने विहीणबाईंचा अर्धा चेहरा खाल्ला. नाना स्वतः कुठल्याच फोटोत नसत, कारण कॅमेरा दुसऱ्याच्या हाती द्यायचा नाही. तेव्हा पोरं अल्बम दाखवताना पाहुण्यांना सांगत, "ही आजी, हा बंड्या, आणि हे नाना." आणि ढगावर बोट ठेवत.

२००५ च्या दिवाळीला बंगळूरचा मुलगा डिजिटल कॅमेरा घेऊन आला. कॅननचा पॉवरशॉट, चार मेगापिक्सेलचा, दोन पेन्सिल सेलवर चालणारा. नानांनी तो हातात घेतला, उलटा केला, मागचं झाकण शोधलं. सापडेना.

"रोल कुठे भरायचा?"

"रोल नाही बाबा. कार्ड आहे."

"आणि निगेटिव्ह?"

"निगेटिव्ह नसतेच."

नाना बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "म्हणजे पुरावा नाही."

नानांच्या डोक्यातून रोल जात नव्हता, याबद्दल त्यांना हसणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. डिजिटल कॅमेरा ज्याने पहिल्यांदा बनवला त्याच्याही डोक्यातून तो गेला नव्हता. कोडॅकमधला तरुण अभियंता स्टीव्हन सॅसन याने १९७५ मध्ये तो जुळवला. वजन साडेतीन किलोच्या वर, सेल १६, आणि एक काळापांढरा फोटो साध्या कॅसेटवर उतरायला २३ सेकंद. आजच्या हिशेबाने तो फोटो मेगापिक्सेलच्या शंभराव्या हिश्श्याएवढा. कॅसेटवर किती फोटो मावतात म्हणून सांगायचं, असा प्रश्न आला तेव्हा त्याने ३० हा आकडा पक्का केला. कारण रोल २४ चा किंवा ३६ चा असतो, त्याच्या मधलं काहीतरी लोकांना पटेल! पुढे २०१२ च्या जानेवारीत कोडॅकनेच दिवाळखोरीचा अर्ज केला, ही बातमी नानांनी कात्रण काढून डायरीत चिकटवली. खाली शेरा: 'रोल सोडल्याचा परिणाम.'

कॅमेऱ्यासोबत १६ एमबीचं कार्ड आलं होतं. सर्वांत चांगल्या दर्जाचे फोटो काढले तर त्यात आठ-दहाच्या वर मावेनात. दर्जा कमी केला तर पुष्कळ मावतील, हे मुलाने सांगून पाहिलं, पण 'कमी दर्जा' हे शब्द नानांच्या कानांना सोसेनात. शेवटी मुलगा मोठं कार्ड देऊन परत गेला. ते भरायला नानांना आठ महिने लागले. भरल्यावर त्यांनी केलं ते अगदी रीतसर. कार्ड बाहेर काढलं, रोलच्या रिकाम्या डबीत ठेवलं (अशा डब्यांतून घरात कुंकू, वेलदोडे आणि प्रवासाला निघताना रक्तदाबाच्या गोळ्या राहत), डबीवर 'ऑगस्ट ०६' असं लिहिलं, आणि स्टेशनजवळच्या लॅबमध्ये जाऊन म्हणाले, "हे धुवायला टाकायचंय." लॅबवाला जुना. हसला नाही. दोन दिवसांनी त्याने सगळे प्रिंट पाकिटात घालून दिले. कार्ड परत केलं तेव्हा नानांनी ते निगेटिव्हच्या बंडलात ठेवलं आणि नवं विकत घेतलं. अशी पाच कार्डं जमल्यावर मुलाला कळलं. फोनवर तो काय बोलला ते काकूंनी कधी सांगितलं नाही. पण मध्यंतरी त्याच्या लॅपटॉपचं काहीतरी बिघडून त्या वर्षांतले त्याचे स्वतःचे फोटो गेले, तेव्हा डोंबिवलीच्या त्या पाच डब्याच कामाला आल्या. नाना "पुरावा" एवढंच म्हणाले.

सर्वांत मोठा घाव बसला तो अंतरपाटाच्या वेळी. लग्नाला पैसे घेऊन आलेला फोटोग्राफर असतोच, पण अंतरपाट दूर होतो तो क्षण नानांचा, ही वहिवाट होती. मंगलाष्टकांचा ठेका त्यांच्या बोटात मुरलेला. शेवटचं 'सावधान' अर्ध्यावर आलं की खटका, आणि फोटोत अक्षता हवेत थांबलेल्या. २००६ च्या मे महिन्यात धाकट्या पुतण्याचं लग्न, जागा ठाण्यातलं कार्यालय. नानांनी नेहमीच्या मात्रेवर बटन दाबलं. कॅमेऱ्याने जरा विचार केला. भिंग कुईं करून पुढेमागे झालं, हिरवी चौकट उमटली, आणि मग खटका. पडद्यावर आलं ते गुरुजींचं कोपर आणि मागे हार सोडवत बसलेला वऱ्हाडी. बटन आधी अर्धं दाबून ठेवायचं असतं, हे एका दहावीतल्या भाचीने समजावलं. जमलेल्यांसमोर. नाना "हो का" म्हणाले आणि जेवणात त्यांनी जिलबी घेतली नाही.

त्याहून वाईट तो पडदा. पूर्वी फोटो काढला की लोक पांगत आणि आठवडाभर नानांवर विश्वास ठेवून राहत. आता खटका झाला की सगळा घोळका त्यांच्याच अंगावर. "बघू, बघू. ई, मी कशी दिसतेय! काढून टाका हो नाना. दुसरा काढा." सात रुपयांच्या माकडाची चुटपुट लागलेल्या माणसाला फोटो 'काढून टाका' म्हणतात! मराठीत 'फोटो काढणे' याचे दोन अर्थ निघू शकतात हे नानांना वयाच्या एकसष्टाव्या वर्षी कळलं. त्यांनी आजतागायत एकही फोटो पुसलेला नाही. गुरुजींचं कोपरसुद्धा डायरीत आहे, क्रमांकासकट.

आणि ढग गेला. पडद्यावर बघून फोटो काढायचा म्हणजे बोट आलं की दिसणारच, आणि दिसलं की नाना ते सरकवणारच. २००६ पासूनच्या अल्बमांत कोपरे लख्ख. दोन वर्षं हे कोणाच्या ध्यानातही आलं नाही. मग एका सुट्टीत नात पानं उलटता उलटता म्हणाली, "आजोबा आले नव्हते का महाबळेश्वरला?"

त्याच सुमारास सेलचा जाच सुरू झाला. पडदा चालू ठेवला की पेन्सिल सेल शेंगदाण्यासारखे संपतात, एका बारशाला दोन जोड्या! नानांनी हिशेब मांडला, पुस्तिका पुन्हा वाचली आणि त्यांना शोध लागला की पडदा बंद ठेवता येतो. वर खिडकी आहेच, जुन्यासारखी, बारीक. त्या दिवसापासून पडदा बंद. घोळका पांगला, कारण बघायला काही उरलं नाही. कॅमेरा पुन्हा डोळ्याला लागला, "एकच काढणार आहे" सुरू झालं, वसंताचं पोट आत गेलं.

शालूच्या मुलाच्या मुंजीचे प्रिंट आले तेव्हा काकूंनी ओट्याशी उभ्या राहूनच पाकीट फोडलं. मातृभोजनाचा फोटो. बटू, शालू, ताटातला पिवळा वरणभात, आणि वरच्या उजव्या कोपऱ्यात गुलाबी ढग, शालूच्या नथीपर्यंत आलेला.

"अहो," काकूंनी आत हाक मारली, "यात तुम्ही आलात."

नाना चष्मा पुसत आले, फोटो दूर धरून पाहिला आणि डायरी आणायला आत गेले.