बेटांची मिसल

भातगिरण्यांच्या खालोखाल गोंदिया शहरात जर कशाची विपुलता असेल, तर ती महसूल खात्यातून सेवानिवृत्त झालेल्या गृहस्थांची. कारण 1 मे 1999 रोजी भंडाऱ्यापासून विभक्त होऊन हा जिल्हा अस्तित्वात आला, तेव्हा नव्या कचेरीत रुजू झालेले कारकून आता एकामागून एक निवृत्तिवेतनाच्या छायेत येऊन विसावले आहेत, आणि त्यांतील ज्यांच्या हाताची पंचनामा करण्याची सवय निवृत्तीनंतरही सुटली नाही, अशांचा अस्सल नमुना म्हणजे आमचे भाऊसाहेब.

भाऊसाहेबांना बेटावर जायचे आहे.

ज्याच्या उभ्या आयुष्यात पाणी म्हणजे माजी मालगुजारी ऊर्फ मामा तलावाचे, आणि वाळू म्हणजे वैनगंगेच्या घाटावर लिलाव होणारी, त्याला निळ्या समुद्राची ओढ लागावी यात नवल नाही. नवल आहे ते त्या ओढीला त्यांनी लावलेल्या कार्यपद्धतीचे. प्रत्येक बेटाची त्यांनी स्वतंत्र मिसल उघडली असून तीत कैफियत, हरकती आणि शेरा असे तीन भाग यथाक्रम बांधलेले आहेत.

अंदमानची मिसल सर्वांत जाड. राधानगरचा पुळणकिनारा, समुद्राच्या काठापर्यंत उतरलेले घनदाट अरण्य, सावरकरांची कोठडी, हे सारे अनुकूल बाजूस नोंदलेले आहे. परंतु 2018 साली हॅवलॉकचे स्वराज द्वीप झाले, तेव्हा ‘फेरफार झाला, पण जुनी नोंद रद्द झाल्याचा दाखला कुठे आहे?’ अशी हरकत भाऊसाहेबांनी स्वतःच घेतली. तिचा निकाल स्वतःच देईपर्यंत 2024 उजाडले, पोर्ट ब्लेअरचे श्री विजयपुरम झाले, आणि प्रकरण फेरचौकशीसाठी परत गेले. शिवाय तेथे हिवाळ्यात सूर्य पाचच्या सुमारासच मावळतो. कचेरी सुटण्यापूर्वी सूर्याने निघून जावे हे त्यांच्या शिस्तीत बसत नाही. खाऱ्या पाण्यातील मगरींचा मुद्दा त्या मानाने किरकोळ, म्हणून तो समासात आहे.

लक्षद्वीपला जाण्यास प्रवेशपरवाना लागतो हे कळले, तेव्हा भाऊसाहेबांच्या मुद्रेवर जे तेज चमकले ते मी त्यांच्या मुलाच्या लग्नातही पाहिले नव्हते. मात्र 36 बेटांपैकी अवघ्या 10 बेटांवर वस्ती, आणि साऱ्या बेटांची जमीन मिळून केवळ 32 चौरस किलोमीटर, हे वाचल्यावर एका मंडळ अधिकाऱ्याच्या हद्दीत सहज मावेल अशा मुलखाला केंद्रशासित प्रदेश म्हणावे काय, या तात्त्विक प्रश्नात ते तीन महिने गुंतून पडले. नदी नाही, ओढा नाही, तर शिवेच्या खुणा कशाला धरून घालतात, हा उपप्रश्न अद्याप अनिर्णित आहे. मालदीवची बहुतेक जमीन समुद्रसपाटीपासून जेमतेम मीटरभर उंच असल्यामुळे ‘पूररेषेच्या आत, नामंजूर’ एवढ्यावर ती मिसल दप्तरदाखल झाली. मॉरिशसला मराठी माणसे एकोणिसाव्या शतकातच उसाच्या मळ्यांवर राबायला गेली आणि गणेश चतुर्थीला तेथे सार्वजनिक सुट्टी असते, हे मी उत्साहाने सांगितले, तेव्हा भाऊसाहेब शांतपणे म्हणाले, “इतका समुद्र ओलांडून पुन्हा गणपतीची वर्गणीच द्यायची, तर गोंदिया काय वाईट आहे जी?”

एकदा कोणीतरी नवेगावबांधच्या तलावातील मालडोंगरी बेटाचे नाव सुचवण्याचे धाडस केले. तलावात आहे म्हणून ते पाटबंधारे खात्याचे, झाडे आहेत म्हणून वनखात्याचे, सबब महसुली माणसाने तिकडे पाहण्याचे प्रयोजन नाही, असा तोंडी निवाडा तत्काळ मिळाला.

या सर्व दिरंगाईला ऋतूंचीही साथ आहे. ऑक्टोबरात समुद्र शांत होतो, तेव्हा धान कापणीला येते. मग धान विकण्याची धावपळ, मग आप्तेष्टांची लग्ने. आणि एप्रिलच्या अखेरीस अंदमानवर ‘तत्त्वतः मान्य’ असा शेरा पडतो न पडतो, तोच मे महिन्यात मोसमी पाऊस आपल्याआधी अंदमानात दाखल होतो. काकूंनी “समुद्र आटल्यावर जाता का जी?” असे दोनचार वर्षे विचारून पाहिले, आणि एके दिवशी भजनी मंडळाबरोबर गाडीत बसून पुरीला समुद्र पाहून आल्या. त्यांची मिसल नव्हती, पिशवी होती.

तरीही भाऊसाहेबांची चेष्टा करण्याचा अधिकार आम्हांला नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. जे अंदमानला जाऊन आले त्यांना भोजनात कोणते मासे होते एवढेच आठवते; न गेलेल्या भाऊसाहेबांना बोटींच्या वेळा, भरतीओहोटी आणि कोणत्या बेटावर पर्यटकास मज्जाव आहे, हे सारे मुखोद्गत आहे, आणि त्यांची माहिती आजवर चुकलेली नाही. अडचण इतकीच, की त्यांच्याकडे सल्ल्याला गेलेली तीन कुटुंबे अजून गोंदियातच आहेत. म्हणून वाचकांस विनंती, की बेटावर जायचे ठरले असेल तर भाऊसाहेबांना अवश्य भेटावे, पण आधी तिकिटे काढावीत, आणि तीही परत न होणारी.