आमच्या अंगणातलं कुसळ

वर्धा जिल्ह्यात माणसाचं अर्धं आयुष्य गवत काढण्यात जातं. डवरण, निंदण, मग फवारणी, पुन्हा निंदण. अशा मुलखात मी हौसेनं गवत लावतोय हे कळल्यावर कॉलनीतल्या लोकांनी आधी बायकोकडे माझ्या तब्येतीची चौकशी केली.

लॉन करून झालं होतं. मे महिन्यात पारा 46 वर गेला, की आमच्या काळ्या मातीला हात जाईल अशा भेगा पडतात. लॉन, नळाचं पाणी आणि माझे पैसे, तिन्ही त्यातूनच पाताळात गेले. तेव्हा ठरवलं, इथलंच काही लावू. आर्वी-कारंजाकडच्या माळांवर पावसाळा सरताना तांबूस लाटा हलतात ना, ती कुसळी. आटोपशीर ठोंब, ना पाण्याचे लाड ना खताचे. हवाई बेटांवर हिलाच ‘पिली’ म्हणतात. पूर्वी तिनं घरं शाकारायचे, आता बागेत शोभेला लावतात. हे मी कॉलनीत घरोघर सांगितलं. हवाईचा कोणावर काडीचा परिणाम झाला नाही.

पहिल्या पावसात मामेभावाच्या धुऱ्यावरून बारा ठोंब खणून आणले. पोतं भरताना तो म्हणाला, “लाजू नको, सारा धुराच घेऊन जाय.”

दुसऱ्या दिवशी कामाला येणाऱ्या मावशींनी त्यातले चार उपटले. वर म्हणाल्या, “अंगण कसं साफ केलं, पाहा जी.” मग मी उरलेल्या आठांसमोर शास्त्रीय नावाच्या पाट्या रोवल्या : हेटेरोपोगॉन कॉन्टॉर्टस. मावशींनी नातवाकडून वाचून घेतलं आणि पदर डोक्यावर ओढून विचारलं, “कोन गेलं जी? समाधी हाये का?”

खरी कदर केली ती एका गवळाऊ गाईनं. पांढरी, उंच, चालण्यात ऐट. या जातीचे बैल एकेकाळी मराठ्यांच्या फौजेच्या गाड्या ओढायचे. त्यांच्या कुळातल्या बाईला मी काय हाकलणार? पोळ्यापर्यंत ती रोज येऊन दोन घास घेऊन जायची. मग एकाएकी येईनाशी झाली. मला चुकल्याचुकल्यासारखं झालं. मामेभाऊ हसला. कुसळ धरलं की जनावर या गवताला तोंड लावत नाही, टोचतं.

कुसळ ही मात्र बघण्यासारखी करामत. काळसर लांब शेपटी, तिला पीळ. दमट हवेत पीळ सुटतो, कोरड्या हवेत परत बसतो, आणि तेवढ्यात खालचं टोकदार बी गिरमिटासारखं मातीत शिरतं. कॉन्टॉर्टस म्हणजे पीळ पडलेला. मातीत शिरायची सोय असताना आमच्या कुसळांना पायजमे का आवडावेत, हे शास्त्र सांगत नाही.

दिवाळीच्या फराळाला शेजारचे काका आले. कोरा पायजमा. “हे तण अजून हायेच का?” म्हणत ते मुद्दाम ठोंबांमधून चालत आले. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ लगेच दिसतं म्हणतात. स्वतःच्या पायजम्यातलं त्यांना चिवडा संपेपर्यंत कळलं नाही. नंतर घरी जाऊन आपल्या जिवापाड जपलेल्या लॉनवर बसून त्यांनी एकेक उपटून तिथेच टाकलं. मी कंपाउंडवरून पाहिलं, पण बोललो नाही.

जूनमध्ये पाऊस लागला. मावशी दोन्ही घरची कामं करतात. एका सकाळी धावत आल्या.

“काकायच्या लॉनमंदी तुमचा थो कॉन्टॉर्टस निंगाला जी. उपटू, का पाटी लावू?”