घरच्या घरी पस्ट्रामी : हैदराबादच्या कोठीतल्या होतकरूंसाठी

पस्ट्रामीला पाच गोष्टी लागतात. मीठ, मिरे, धने, धूर आणि फ्रिजचा खालचा कप्पा. पहिल्या चार कोठीच्या आसपास सहज मिळतात. पाचवीसाठी घरात बोलणी करावी लागतात आणि ती बाजारात जाण्याआधी करायची असतात. मी आधी बाजारात गेलो.

‘रुचिरा’त ही कृती नाही, तेव्हा कमलाबाई ओगल्यांना दोष देऊ नये. पस्ट्रामी म्हणजे आधी खाऱ्या पाण्यात मुरवलेलं, मग मिरे-धने चोळून धुरावर शिजवलेलं मांस. मुरवण्यापर्यंत थांबलात तर ते कॉर्न्ड बीफ. “यात मका कुठं आहे?” हा प्रश्न आमच्या आईनं विचारला, तुमच्याकडेही कुणीतरी विचारील. मका नाही. जुन्या इंग्रजीत कॉर्न म्हणजे कुठलाही दाणा. इथे तो जाड्या मिठाचा खडा.

मांस आणायला मुसी नदी ओलांडावी. दुकानात ‘बीफ’ म्हणू नये आणि ‘ब्रिस्केट’ तर मुळीच नाही. हैदराबादेत मांस दोन जातींचं असतं : छोटे का आणि बड़े का. छोटं म्हणजे बोकड, बडं म्हणजे म्हैसवर्गीय. आपण बड्याचा सीना मागायचा, दोन किलो, चरबीच्या थरासकट.

“काट के दूँ?”

“नक्को, सालिम होना.”

“दावत है क्या साब?”

“नहीं. नमक के पानी में रखना है. सात दिन.”

त्यानं सुरा खाली ठेवला. “सात दिन में तो हम लोगां बकरी ईद का गोश्त सुखा के डब्बे में भर देते.”

(दखनीतला तो ‘नक्को’ आणि वाक्यावाक्याला येणारा ‘च’ आपल्याच घरचा. खाटकाशी बोलताना मराठी माणसाला इथे परकं वाटत नाही, ते यामुळे.)

त्याचं म्हणणं खरं होतं. ईदनंतर जुन्या शहरात गच्च्यांवर दोरीला हळद-मीठ लावलेल्या गोश्ताच्या पट्ट्या वाळत असतात. आणि 1956 पर्यंत ज्या हैदराबाद राज्यात आपला मराठवाडा होता, तिथल्या महार-मांग वस्त्यांमध्ये अशाच वाळवलेल्या पट्ट्यांना चान्या म्हणतात. शाहू पाटोळे यांचं ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ हे पुस्तक 2015 साली आलं, तेव्हा कुठं बऱ्याच मराठी वाचकांना त्या स्वयंपाकाचा पत्ता लागला. पस्ट्रामीची गोष्ट याहून फार वेगळी नाही. तुर्कांचा ‘पास्तिर्मा’ म्हणजे दाबून वाळवलेलं मांस. रुमेनियातले ज्यू तेच हंसाचं करत. ते न्यूयॉर्कला गेले, तिथे बैल स्वस्त निघाला. गरिबाघरचं वाळवणच ते, फक्त त्याला आगबोटीचं तिकीट मिळालं, आणि आता आपण त्यासाठी इंटरनेटवरून काटा मागवतो. चान्यांसाठी कुणी काटा मागवलेला मी पाहिला नाही.

काटा मात्र खरंच लागतो, ग्रॅमचा. दोन किलो मांस आणि दोन लिटर पाणी, म्हणजे एकूण चार किलो. त्यावर अडीच टक्के मीठ, म्हणजे 100 ग्रॅम. गूळ 40 ग्रॅम. तमालपत्र, लवंगा, मोहरी, ठेचलेला लसूण. हे सगळं पाण्यात उकळून पूर्ण गार करायचं, आणि मग क्युअरिंग सॉल्ट, बरोबर 10 ग्रॅम. साधं मीठ आणि सव्वासहा टक्के सोडियम नायट्राइट यांचं हे मिश्रण. त्यानं मांस शिजल्यावरही गुलाबी राहतं आणि बॉट्युलिझमचे जंतू वाढत नाहीत. पूर्वी हे काम सोऱ्यानं होई. सोरा तोफेच्या दारूतही जाई, त्यामुळे ‘अंदाजानं चिमूटभर’ हा आपला राष्ट्रीय मापदंड इथे वापरू नये.

हे मीठ गुलाबी रंगवलेलं असतं, का, तर ते चुकून जेवणात पडू नये म्हणून. ही युक्ती अमेरिकेत चालते. मराठी घरात उपासाचं सैंधवही गुलाबीच असतं. माझी पुडी दोन दिवस सैंधवाच्या बरणीशेजारी उभी होती, हे मला एकादशीच्या आदल्या रात्री दिसलं. विषारी पदार्थ भगरीत जाण्याचा प्रसंग केवळ तिथीच्या कृपेनं टळला. पुडीवर लाल शाईनं लिहा आणि ती स्वयंपाकघराबाहेर कुलपात ठेवा.

आता कप्पा. आमच्याकडे तिथे इडलीचं पीठ असतं. तीन दिवसांच्या वाटाघाटींनंतर अटी ठरल्या त्या अशा : डबा झाकणाला चिकटपट्टी लावलेला असावा, त्यावर काय आहे ते लिहू नये, आणि गुरुवारी तो उघडू नये. शास्त्र सांगतं, मांस रोज उलटावं. तोडगा सोपा निघाला. डबा बंदच ठेवून अख्खाच्या अख्खा उलटा करायचा. मांस सारखंच मुरतं, गुरुवारही पाळला जातो. फ्रिज मात्र चार अंशांच्या वर जाता कामा नये. सौभाग्यवती दार उघडून विचार करत उभी राहते तेव्हा ते कसं जमवायचं, हे मला अजून साधलेलं नाही.

आठव्या दिवशी मांस बाहेर काढून धुवावं, तासभर साध्या पाण्यात ठेवून कोरडं पुसावं. बेगम बाजारातून आणलेले मिरे आणि धने समसमान घेऊन खलबत्त्यात भरड कुटावेत. मिक्सर नको, त्याची पूड होते आणि धुरात जळून कडू लागते. इथे आई डोकावते. “दगडफूल घालू का थोडं?” नाही. “मग गोडा मसाला?” नाही. “हळद तरी?” हळदसुद्धा नाही. मराठी माणसाची खरी कसोटी या क्षणी असते. थोडी लाल मिरची चालते. तडजोड म्हणून मी ती आईच्या हातूनच घालून घेतली.

धुरासाठी तेलाचा पंधरा किलोचा पत्र्याचा डबा घ्यावा, तळाशी शिगडीतले निखारे, मध्ये जाळी. लाकूड सुकलेलं आंब्याचं किंवा चिंचेचं. जुन्या कपाटाचं प्लायवूड जाळू नये, त्यात डिंक असतो. आतलं तापमान 110 ते 120 अंश ठेवून पाच-सहा तास. हे काम गच्चीवर आणि पापड-कुरडयांचा मोसम सोडून करावं. मी मेमध्ये केलं. खालच्या मजल्यावरच्या तेलुगू आंटींचे अप्पडाल चार दिवस धुराचा वास सोडत होते. त्यांनी तक्रार केली नाही, फक्त एक वाटी भरून पाठवली. वास आवडला असावा किंवा पुरावा द्यायचा असावा.

मांसाच्या पोटात थर्मामीटर सत्तर अंश दाखवू लागला की धूर संपला. पण बडं आहे, ते लगेच नरमत नाही. त्याला वाफेवर ठेवून पंच्याण्णव अंशांपर्यंत न्यायचं, म्हणजे आणखी तीन-चार तास. मोदकपात्र सोयीचं आहे. ते मिळणार नाही. मागूही नका. मोठ्या पातेल्यात जाळी ठेवून भागतं. सुरी नुसत्या वजनानं आत गेली की उतरवायचं, अर्धा तास झाकून ठेवायचं आणि धाग्याच्या आडवं पातळ कापायचं.

राय नावाचा पाव कोठीत मागितलात तर दुकानदार मोहरी देतो. ती घ्यावीच, वाटून पस्ट्रामीला लावता येते. पाव म्हणून बेकरीतली डबल रोटी घ्यावी. पहिला तुकडा आईनं खाल्ला, बराच वेळ चावला आणि म्हणाली, “मिरे छान आहेत.”

उरलेलं दुसऱ्या दिवशी चिंचेच्या खट्ट्या दालीत घातलं. सँडविचपेक्षा ते बरं लागलं.